आधी कान, मग पाना

वाचकाचं पत्र

मी कोल्हापूरजवळच्या एका लेडीज सँडलच्या कारखान्यात सात वर्षं अप्पर, म्हणजे सँडलचा वरचा भाग, शिवते. उभ्या खांबावर शिवणारं पोस्ट मशीन माझ्याकडे असतं, अडीनडीला सपाट पाटाच्या फ्लॅट मशीनवरही बसते. कारखाना लहान आहे. दोन पोस्ट, दोन फ्लॅट, चामड्याची कड पातळ करणारं एक स्कायव्हिंग, चामडं साच्याने कापणारा एक क्लिकिंग प्रेस आणि मागच्या खोलीत सोल दाबून चिकटवणारा सोल प्रेस, घासायचं मशीन आणि कॉम्प्रेसर. मशीन बिघडलं की इचलकरंजीहून मिस्त्री येतात, कधी त्याच दिवशी, कधी तिसऱ्या. आमचं काम पीसवर असल्याने तोवर बसून राहायचं, आणि बसल्याचे पैसे नाहीत. गेल्या महिन्यात मालक म्हणाले, “बारीकसारीक देखभाल तूच शिकून घे ना.” मला शिकायचंय. पण मिस्त्री आमच्याकडे पाठ करून काम करतात, काही दाखवत नाहीत. सुपरवायझर म्हणतात, बायकांनी मशीनला पाना लावायचा नाही असा कायदाच आहे. घरी म्हणतात, काही मोडलं तर तुझ्याच हिशेबातून कापतील. माझी बारावी झालीय, इंग्रजी पुस्तकं समजत नाहीत. मशीन बिघडणार असलं की मला आदल्या दिवशी आवाजावरून कळतं, पण सांगितलं तर कोणी मनावर घेत नाही. सुरुवात कुठून करू? आणि आमच्यातल्या एक मावशी मशीनमध्ये खोबरेल तेल घालतात, ते चालतं का?

— एक ताई, कोल्हापूर जिल्हा

उत्तर

ताई,

तुमच्या पत्रातलं आवाजाचं वाक्य मी दोनदा वाचलं. सुरुवात कुठून करू असं तुम्ही विचारता, पण ती तुमची सात वर्षांपूर्वीच झालेली आहे. मिस्त्री येतो तेव्हा मशीन बंद पडलेलं असतं. काल दुपारी टाक्याचा आवाज बदलला, सुई चामड्यात शिरताना ‘टच’ऐवजी ‘टक’ म्हणायला लागली, हे त्याला कधीच ऐकू येत नाही. त्याला फक्त मेलेलं मशीन दिसतं. तुम्ही मशीनसोबत रोज आठ तास असता. देखभालीचं निम्मं काम म्हणजे हाच कान, आणि तो पुस्तकातून येत नाही.

सुपरवायझर म्हणतात त्या कायद्याचं आधी निकालात काढू. असं कलम होतं हे खरं. १९४८ च्या कारखाने कायद्यातलं २२ वं कलम; नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. पण ते कलमही सांगत होतं वेगळंच. इंजिन, शाफ्ट, पट्टे चालू असताना त्यांची साफसफाई, तेलपाणी, जुळवाजुळव स्त्रियांनी आणि अल्पवयीनांनी करू नये; आणि ज्या कामात हलत्या भागापासून इजा होऊ शकते, तिथे त्यांना मशीन साफ करायला, तेल द्यायला लावू नये. फिरत्या शाफ्टमध्ये पदर, ओढणी, केस अडकून माणसं जायची, त्या भीतीतून आलेली ही भाषा आहे. प्लग काढून ठेवलेल्या, पूर्ण थांबलेल्या शिलाई मशीनची सुई बदलायला किंवा हुक, म्हणजे खालून दोरा उचलणारा भाग, पुसायला त्यात कुठेही बंदी नव्हती. खरं तर हलत्या मशीनला हात लावू नये हे पुरुषांनाही तितकंच लागू व्हायला हवं. माझ्या ओळखीच्या दोन फिटरांची बोटं अर्धी आहेत, दोघेही पुरुष आणि दोघेही ‘एका मिनिटाचं तर काम आहे’ म्हणणारे.

म्हणून पहिला धडा बंद करण्याचाच. तुमच्याकडे जुनी क्लच मोटर असेल तर स्विच बंद केल्यावरही ती बराच वेळ आतून फिरत राहते. त्या वेळात चुकून पाय पेडलवर पडला तर सुई खाली येतेच. त्यामुळे स्विच बंद केला की पेडल दाबून उरलेला जोर काढून टाकायचा, मग प्लग काढायचा, मग हात घालायचा. सर्व्हो मोटर उलटी फसवते. थांबली की तिचा आवाजच येत नाही, त्यामुळे ती बंद आहे असं वाटतं, पण ती पायाची वाट बघत असते. तिथेही प्लग काढायचा. केस बांधलेले, ओढणी खोचलेली, हातात बांगड्या नाहीत. हे सगळं तुम्हाला माहीत असणार, तरी लिहितो.

आता माझी एक फजिती सांगतो. मी शिकाऊ होतो तेव्हा मुंबईतल्या एका कारखान्यात पोस्ट मशीन टाके सोडायला लागलं. उस्ताद जेवायला गेले होते. मला वाटलं, आपण करून दाखवू. हुकचे स्क्रू ढिले केले, थोडं इकडे, थोडं तिकडे. आधी दहा टाक्यांत एक सुटत होता, आता एकही पडेना. हुक मुळात कुठे होता याची कसलीच खूण मी ठेवली नव्हती. उस्ताद आले, माझ्याकडे नाही, सुईकडे बघितलं, सुई बाहेर काढून नखावर टेकवली आणि फिरवली. टोक किंचित वाकडं. हुकला काही झालंच नव्हतं. नवी सुई दहा मिनिटांत बसली असती, पण मी हलवलेला हुक परत जागेवर आणण्यात अख्खी दुपार गेली.

त्या दुपारपासून दोन सवयी लागल्या. कुठलाही स्क्रू हलवण्याआधी त्याच्या डोक्यावरून बाजूच्या धातूपर्यंत मार्करने एक रेघ ओढायची, म्हणजे परत आणताना रेघ जुळली की झालं. तुमच्याकडे मोबाईल आहे, फोटोही काढा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. सुईही बदलली, टेन्शनही (दोऱ्याचा ताण) फिरवलं आणि मशीन चाललं, तर कशामुळे चाललं हे कळत नाही. पुढच्या वेळी पुन्हा अंधारातच.

पोस्ट मशीनवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण तुमची रोजी त्यावर आहे.

टाका कसा पडतो हे एकदा डोळ्यांनी बघा. प्लग काढा, बाजूची प्लेट उघडा आणि चाक हाताने, नेहमीच्या दिशेने सावकाश फिरवा. सुई अगदी खाली जाते आणि वर यायला लागते. साधारण दोन ते अडीच मिलिमीटर वर आली की तिच्या डोळ्याशी वरच्या दोऱ्याचा एक छोटा फास फुगतो. नेमक्या त्या क्षणी हुकचं टोक येऊन तो फास उचलतं आणि बॉबिनभोवती फिरवतं. फास झाला नाही, लहान झाला किंवा हुक वेळेवर पोचलं नाही, की टाका सुटतो. सगळा खेळ एवढाच. हे चार-पाच वेळा शांतपणे पाहिलंत की मिस्त्री काय करतात ते पाठीमागूनही कळायला लागेल.

आता फास बिघडतो कशाने? बहुतेक वेळा सुईनेच. सुई वाकलेली, टोक झिजलेलं, पूर्ण वर न सरकवलेली, किंवा उलटी बसलेली. सुईला एका बाजूला लांब खाच असते, दोरा जिकडून डोळ्यात जातो तिकडे ती हवी. दुसऱ्या बाजूला डोळ्याच्या वर खोलगट भाग असतो, तो हुककडे हवा. पाकिटावर जाडीचे दोन आकडे असतात, १००/१६ किंवा ११०/१८ असे. त्यातला १०० म्हणजे एक मिलिमीटर जाडी. पण जाडीपेक्षा महत्त्वाचा आकडा दुसराच, सुईच्या सिस्टिमचा, म्हणजे डीपी १७, १३४-३५ वगैरे. जाडी तीच आणि सिस्टिम वेगळी असेल तर सुईची लांबी वेगळी असते, मग हुक तिला गाठत नाही. दुकानदार ‘तीच आहे, चालते’ म्हणतो. त्याला चालते, मशीनला चालत नाही. जुनं पाकीट सोबत घेऊन जा.

टोकही बघून घ्या. चामड्याच्या सुईचं टोक छोट्या पात्यासारखं असतं, ते चामडं कापून वाट करतं. तीच सुई कापडी अस्तरावर चालवली तर सूतच कापते आणि अप्पर ताणल्यावर शिवणीशी फाटतं. दोष शिवणाऱ्या बाईवर येतो. आठ-दहा तास शिवणीनंतर सुई बदला, तुटायची वाट बघू नका. आणि तुटलीच तर सगळे तुकडे सापडेपर्यंत मशीन चालू करायचं नाही. तुकडा हुकमध्ये राहिला तर हुक जातं. सँडलमध्ये राहिला तर कुणाच्या तरी पायात जातो. निर्यातीचं काम करणारे कारखाने तुटलेल्या सुयांची वेगळी वही ठेवतात आणि तुकडे त्यात चिकटवतात. तुम्हीही ठेवा.

सुईनंतर दोरा. खालच्या बाजूला मोकळे फास लोंबत असतील तर सगळे बॉबिनला दोष देतात, पण बहुधा वरचा दोरा टेन्शनच्या चकत्यांमध्ये बसलेलाच नसतो. मशीनचा दाबणारा पाय वर उचलून दोरा पुन्हा ओवा. वरच्या बाजूला गाठी दिसत असतील तर बॉबिनचा दोरा ढिला आहे किंवा वरचा फार आवळलाय. फ्लॅट मशीनची बॉबिन केस दोऱ्याला लोंबकळत धरून हलकासा झटका द्या. थोडी उतरून थांबली तर ठीक, सरसर खाली आली तर ढिली, हललीच नाही तर घट्ट. पोस्टची केस बहुधा अशी बाहेर येत नाही, तिथे दोरा बोटाने ओढून अंदाज घ्यायचा. स्प्रिंगचा स्क्रू फिरवताना पाव फेऱ्याच्याही आत राहा. तो स्क्रू मुगाच्या दाण्याएवढा असतो आणि खाली पडला की पायपुसण्यातही सापडत नाही, म्हणून खाली पांढरं कापड अंथरा.

पोस्ट मशीनचा आणखी एक रोग म्हणजे सोल्यूशन, आपलं चिकटवायचं. दाबणाऱ्या चाकावर आणि चामडं पुढे सरकवणाऱ्या खालच्या फीडच्या चाकावर सोल्यूशन आणि चामड्याचा चुरा बसून थर होतो. मग चाक मूळच्यापेक्षा जाड होतं, टाका लहानमोठा पडतो आणि लोक फीड जुळवत बसतात. रोज संध्याकाळी लाकडी काडीने तो थर काढा. ब्लेड नको, चाकाला ओरखडा पडला की तो प्रत्येक फेऱ्याला अप्परवर उमटतो. हुकमधला चुरा ब्रशने बाहेर ओढा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, त्याने घाण आणखी आत जाते आणि डोळ्यातही उडते. मग शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब हुकच्या कडेला. एकच. दाबणाऱ्या चाकाखाली चामड्याचा तुकडा ठेवून घरी जा आणि सकाळी दोन मिनिटं त्या तुकड्यावरच शिवा, म्हणजे रात्रीचं जादा तेल पहिल्या जोडीच्या अप्परवर येत नाही.

इथवर सगळं तुमचं. हुकची वेळ, सुईच्या दांड्याची उंची, फीडची जुळणी, हे पहिले सहा महिने मिस्त्रींचं. सुई, दोरा, सफाई, टेन्शन या चारांतून जाऊनही मशीन सुधारलं नाही तरच त्यांना फोन करा, आणि फोनवर हे चारही करून झाल्याचं सांगा. बघा त्यांचा आवाज कसा बदलतो.

स्कायव्हिंग मशीनला तुम्ही घाबरत असाल तर बरोबरच आहे, मीही घाबरतो. पण ते समजायला तुमच्या भागातल्या माणसाला अवघड जाऊ नये. कोल्हापुरी चप्पल करणारे कारागीर रापी कशी सांभाळतात ते तुम्ही पाहिलं असेल. कामाला बसण्याआधी दगडावर घासून धार, मध्येच चामडं ओढायला लागलं की पुन्हा दोन हात. २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, तिची कौतुकं झाली, पण रोज सकाळच्या त्या धारेबद्दल कोणी बोलत नाही. स्कायव्हिंगचं घंटेसारखं गोल पातं म्हणजे गोल फिरणारी रापीच, आणि तिचा दगड मशीनच्या आतच बसवलेला असतो. चामड्याची कड कापण्याऐवजी फाटायला, चुरगळायला लागली की पात्याला धार हवी. दगड अगदी हलका, काही सेकंदच टेकवायचा. त्यातून ठिणग्या उडतात, म्हणून आधी सगळा चुरा काढायचा आणि सोल्यूशनचा डबा त्या खोलीतच नको. धार लावून लावून पातं झिजतं आणि दाबणाऱ्या पायापासून मागे जातं, मग त्याला स्क्रूने पुढे आणावं लागतं. मध्ये जेमतेम अर्धा मिलिमीटर, किंवा त्याहून कमीच फट असते. हे पुढे आणणं मिस्त्रींकडून दोनदा बघा, तिसऱ्यांदा त्यांच्यासमोर स्वतः करा. स्विच बंद केल्यावरही पातं फिरत राहतं. ते पूर्ण थांबलेलं डोळ्यांनी दिसेपर्यंत बोटं मांडीवर.

क्लिकिंग प्रेसमध्ये तुम्ही काही खोलायचं नाही. तेलाची पातळी काचेतून बघायची, खाली तेलाचा डाग दिसला तर सांगायचं, कटिंगचा पाट रोज थोडा फिरवायचा, म्हणजे एकाच जागी खड्डा पडत नाही. आणि रोज पहिल्या डायआधी, म्हणजे कापायच्या साच्याआधी, एक चाचणी. एकच बटण दाबा. दोन हातांच्या प्रेसचा दांडा त्याने खाली येता कामा नये. आला, किंवा कोणी दुसरं बटण चिकटपट्टीने दाबून ठेवलेलं दिसलं, तर त्या दिवशी त्या मशीनवर काम नाही, ऑर्डर कितीही घाईची असो. यावर मालकांशी भांडावं लागलं तर भांडा.

कॉम्प्रेसरचं काम सोपं आणि दुर्लक्षित. हवा दाबली की तिच्यातलं पाणी टाकीच्या तळाशी साचतं, आणि तुमच्याकडच्या पावसात तर विचारूच नका. टाकीतला दाब उतरला की रोज संध्याकाळी तळाचा कॉक हळूच उघडून पाणी काढा. हे केलं नाही तर पाणी नळ्यांतून सोल प्रेसमध्ये जातं, आतले वॉल्व्ह गंजतात, दाब कमीजास्त होतो आणि सोल सुटलेल्या जोड्या दुकानातून परत येतात. मग सगळे सोल्यूशनवाल्याला शिव्या देतात. घासायच्या मशीनची धुळीची पिशवी रोज झटका, आणि तिथे बसणाऱ्याला तोंडाला मास्क लावायला सांगा.

आता वही. शंभर पानी, दहा-वीस रुपयांची. मशीनला नंबर द्या आणि प्रत्येकाला दहा-बारा पानं सोडा. तारीख, काय ऐकलं किंवा दिसलं, काय केलं, पुढे काय झालं. मराठीतच, तुमच्या शब्दांत. ‘पोस्ट १, दुपारी चारनंतर खडखड, हुकला तेल दिलं, थांबली नाही, सुई बदलली, थांबली.’ तीन महिन्यांनी ही वही घेऊन मालकांसमोर बसलात की ‘आवाजावरून कळतं’ हे कोणी हसण्यावारी नेणार नाही. इंग्रजीचीही काळजी नको. मशीनबरोबर येणाऱ्या पार्ट्सच्या पुस्तकात प्रत्येक भागाचं सुटं चित्र आणि नंबर असतो. ते पुस्तक विक्रेत्याकडून मागवून घ्या आणि चित्राशेजारी मराठी नाव लिहा. सुटा भाग मागवताना नाव कोणी विचारत नाही, नंबर विचारतात.

मिस्त्रींबद्दल. पाठ करून काम करणारा माणूस बहुतेक वेळा हुशारी लपवत नसतो, पोट लपवत असतो. तुम्ही शिकलात तर त्यांच्या फेऱ्या कमी होणार, हे त्यांना दिसतंय. मालकांना सांगा की त्यांच्याशी महिन्याला ठरावीक रकमेचं बोलून घ्या. मशीन कमी बिघडलं तरी त्यांचे पैसे कमी होणार नसतील तर शिकवण्यात त्यांचं काही जात नाही. आणि ‘मला शिकवा’ म्हणू नका, त्याचा राग येतो. वही पुढे करून विचारा, “हा आवाज तुम्ही कशाचा धरता?” असं विचारल्यावर गप्प बसणारा मिस्त्री मी अजून पाहिलेला नाही.

पैशांचं मात्र काम सुरू करण्याआधी बोला, नंतर नाही. तुम्ही पीसवर आहात. सफाई-तेलपाण्यात गेलेला अर्धा तास म्हणजे तेवढे पीस गेले. मालक ‘शिकून घे ना’ म्हणाले, त्यात त्या अर्ध्या तासाचे पैसे कुठे आहेत? रोजचा ठरावीक भत्ता मागा, आणि स्वतःच्या नावाची हत्यारांची पेटी मागा: चांगले स्क्रू ड्रायव्हर, ॲलन की, चिमटा, ब्रश, बॅटरी, तेलाची कुपी. नुकसानभरपाईचं म्हणाल तर कामगाराचा हलगर्जीपणा असल्याशिवाय आणि त्याची बाजू ऐकून घेतल्याशिवाय मोडतोडीची रक्कम वेतनातून कापता येत नाही, हे कायद्यात आहे. तरी मालकांकडून एका कागदावर लिहून घ्या की ठरवून दिलेली कामं करताना काही बिघडलं तर ते कारखान्याचं. घरीही तो कागद दाखवा. नाही म्हणाले तर सुई-दोऱ्याच्या पलीकडे जाऊ नका. त्यांना देखभाल हवी आहे, पण जोखीम तुमच्या पदरात टाकून.

पुढे रीतसर शिकायचं झालं तर आयटीआयमध्ये ‘फुटवेअर मेकर’ हा ट्रेड आहे, आणि चेन्नई व आग्र्याला केंद्र सरकारच्या पादत्राण प्रशिक्षण संस्था आहेत. पण आत्ता घर-काम सोडून तिकडे धावू नका. आधी वर्षभर ही नऊ मशीनं. जवळच्या आयटीआयत फिटर किंवा वायरमनचा छोटा वर्ग असेल तर तो तुम्हाला लगेच उपयोगी पडेल, कारण मल्टिमीटर धरता येणारं माणूस लहान कारखान्यात सापडत नाही.

आणि खंडेनवमीला एक करा. त्या दिवशी तसंही मशीन पुसतात, झेंडू घालतात. हुकमध्ये गुंतलेला दोरा मात्र तसाच असतो. यंदा आदल्या दिवशी मालकांकडून पूर्ण दिवस मागून घ्या, मिस्त्रींना बोलवा, सगळी मशीनं खोलून धुऊन काढा, पट्टे बघा, तेल बदला. सगळ्यात जास्त शिकायला त्याच दिवशी मिळेल. हळद-कुंकू मशीनच्या डोक्यावर वाहा, तेलाच्या भोकांपासून लांब. एका मशीनच्या तेलाच्या वातींमधून कुंकू काढण्यात माझी एक दिवाळी गेली आहे.

ता. क. — मावशींना सांगा, खोबरेल डोक्यालाच बरं. थंडीत ते गोठतं, आणि एरवी हवेने चिकट होऊन हुकवर राळ धरतं. आत्तापर्यंत घातलेलं काढायला प्लग काढून हुकभोवती थोडं रॉकेल ब्रशने फिरवा (सोल्यूशन आणि आगपेटी लांब), कोरड्या कापडाने पुसा, सुकू द्या, मग शिलाई मशीनचं पांढरं तेल. दोन-तीन दिवस रोज करावं लागेल. मशीनचा आवाज किती उतरतो ते वहीत लिहून ठेवा.